बसून पावणेबारा किलोमीटर

दोन कागद आहेत. एकावर मी सही केली, दुसऱ्यावर केली नाही. केली नाही त्यामुळे माझं काम गेलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. केली त्याची मात्र लाज वाटते. हा लेख त्या दोन्ही कागदांबद्दल आहे. संपादकांनी आकडे कमी ठेवायला सांगितलं आहे. प्रयत्न करतो, पण ज्या गोष्टीत सगळा घोटाळाच आकड्यांचा, ती आकड्यांशिवाय सांगायची कशी, ते त्यांनीच मला सांगावं.

मी शिरूरचा. रांजणगावच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. आलेला माल मोजायचा, मापात बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. मधलं काही नाही. मग कारखान्याने ती लाईन दुसरीकडे नेली आणि मी एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसलो. पुढची तीन वर्षं पुण्याच्या एका संस्थेसाठी माणसांच्या मनगटाला पट्टे बांधले.

हे काम काय, ते आमच्या गल्लीतही कोणाला नीट कळलं नव्हतं, म्हणून सांगतो. पट्टा म्हणजे तबकडी नसलेलं घड्याळ. आत ज्वारीच्या दाण्याएवढा एक सेन्सर. मनगट कुठल्या दिशेने किती हललं आणि जमिनीची बाजू कोणती, एवढं तो सेकंदाला पंचवीस वेळा टिपतो. बास. तुम्ही भाकरी थापताय की टाळ्या वाजवताय हे त्याला कळत नाही. ते ओळखायचं काम पुण्याचा कॉम्प्युटर करतो, आणि त्याला ते आधी शिकवावं लागतं. शिकवायचं कसं? पट्टा बांधलेल्या माणसाजवळ एक जण टॅब घेऊन बसतो आणि दर मिनिटाला, समोरचा माणूस काय करतोय त्याचं बटण दाबतो. तो बसणारा मी. अशी पुरेशी मिनिटं गोळा झाली की कॉम्प्युटर मनगटाचे झटके आणि माझी बटणं जुळवून बघतो आणि शिकतो. मग माणसाने महिना महिना पट्टा घातला, तरी जवळ कोणी बसावं लागत नाही. यंत्र आपणच सांगतं, हा इतका वेळ चालला, इतका वेळ बसला, इतका वेळ झोपला.

शिकवणीसाठी मला दौंड आणि शिरूर तालुक्यातली चोवीस माणसं दिली होती. प्रत्येकाचे तीन दिवस, दिवसाचे सहा तास. मिनिटं झाली पंचवीस हजार नऊशे वीस. टॅबवर माझा भरवसा नव्हता, म्हणून तीच नोंद मी वहीतही करत होतो. अशा नऊ वह्या भरल्या.

लोकांना आधी भीती वाटायची. पाटसजवळच्या एका वस्तीवर एका सुनेने पट्टा कानाला लावून बघितला आणि विचारलं, "भाऊ, ह्यात बोलणं भरतंय का? पुण्याला ऐकू जातंय का?"

मी म्हटलं, "नाही, फक्त हात हललेला कळतो."

"मंग काय उपेग?" ती म्हणाली. "मला वाटलं, सासूबाई काय काय बोलत्यात ते कोनतरी ऐकंल."

सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बांद गं बांद. हात हलतोय का तुझा, तेवढं तरी कळंल."

टॅबवर बटणं सात होती. झोपणे, बसणे, उभे राहणे, चालणे, पळणे, जिना चढणे-उतरणे आणि शेवटचं इतर. मी ज्या वस्त्यांवर जायचो तिथे जिना असलेलं घर एकही नव्हतं. ते बटण मी तीन महिन्यांत चार मिनिटं दाबलं, तेही गावाला पाणी सोडायला टाकीवर चढणाऱ्या वॉलमनसाठी. 'इतर' मात्र फार लागायचं. प्रत्येक बटणाची व्याख्या छापून दिली होती आणि ती मला पाठ होती. 'चालणे : दोन्ही हात मोकळे, हातांची नैसर्गिक हालचाल, सलग पावले.'

आता माझी चूक. ती मी अशी केली की कोणाला वाटू नये चुकून झाली. पूर्ण विचार करून केली.

बायका उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येतात. एक हात वर, भाऱ्याला धरलेला. बहुतेक वेळा डावा, कारण उजव्या हातात विळा असतो. पट्टाही डाव्याच हाताला, तसा नियम होता. पाय चालतायत, पण हात मोकळे नाहीत आणि त्यांची नैसर्गिक हालचालही नाही. व्याख्येत बसत नाही. मी 'इतर' दाबलं. मापात न बसणारा माल मी एकवीस वर्षं बाजूला काढत आलो होतो, हाही काढला.

घरी ही गोष्ट मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, जरा ऐटीतच सांगितली. ती दौंडकडची आहे, लग्नाआधी तिनेही असे भारे वाहिले आहेत. ती लसूण सोलत होती.

"चालत होती ना ती?" तिने विचारलं.

"पायांनी चालत होती."

"माणूस आणखी कशानं चालतं?"

"अगं, व्याख्येत हात मोकळे हवेत."

"मग व्याख्या लिहिणाऱ्याला सांगा, एकदा भारा घेऊन हात मोकळे सोड म्हणावं."

मी हसण्यावारी नेलं. 'इतर'ची मिनिटं पुण्याला गेल्यावर कोणीतरी उघडून बघेल आणि योग्य ठिकाणी लावेल, असं मी धरून चाललो होतो. कारखान्यात बाजूला काढलेल्या मालावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग व्हायची. इथेही होत असेल असं वाटलं. विचारलं मात्र नाही.

वर्षभराने त्याच पाटसकडच्या गावात पट्ट्यांचा निकाल वाचून दाखवला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. गावातल्या तीस जणांनी महिनाभर पट्टे घातले होते. सगळ्यात जास्त चालणारा माणूस निघाला आमचे एक आप्पा, वय बासष्ट. दिवसाला पाच तास चालणं! आप्पा दिवसभर ट्रॅक्टरवर असतात. पाच तास त्यांचं मनगट स्टिअरिंगवर थडथडत होतं आणि यंत्राने त्याला चालणं म्हटलं होतं. आप्पा उठून उभे राहिले. "कागदाची झेराक्स द्या मला. घरात पोरं म्हणत्यात, आप्पा नुसता बसून ऱ्हातो. दावतो त्यांला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बायकांची यादी वाचली. बसणे, सरासरी सात तास. पुरुष मंडळी हसली. मागच्या रांगेत एक जण होती, जिच्याजवळ मी स्वतः तीन दिवस बसलो होतो. ती उठली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजी आम्ही बसूनच व्हतो, असं म्हणायचं." ओरडली नाही. एवढं बोलून निघून गेली. जाताना व्हरांड्याच्या कठड्यावरची कळशी उचलून डोक्यावर घेतली.

मला खटकलं होतं. खोटं का सांगू, तिथेच खटकलं. पण निकालाच्या कागदावर खाली लिहिलं होतं, 'क्षेत्र-निरीक्षणे अचूक आहेत.' माझी निरीक्षणं अचूकच होती. मी सही केली.

तो पहिला कागद.

दुसरा रांजणगावचा. कारखान्याचं नाव लिहीत नाही, ते महत्त्वाचंही नाही. तिथे पार्ट धुण्याच्या लाईनपासून स्टोअरपर्यंत ट्रॉल्या ढकलायला चार बायका होत्या, सगळ्या कंत्राटी. चारातली एक कमी करायची होती. तिथल्या साहेबांनी ठरवलं, वशिला नको, वाद नको, पट्टे बांधू आणि जी सगळ्यात कमी काम करते तिला थांबवू. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. आमच्या संस्थेचे पट्टे मी चौघींना बांधले, ते त्यांनी महिनाभर घातले. संस्थेचाही शेरा हवा म्हणून मला निकालावर सही करायला बोलावलं.

सगळ्यात जास्त बसणारी निघाली मंगल. पाळीतले सरासरी तीन तास पस्तीस मिनिटं बसणे.

मंगल दौंड तालुक्यातली, वय चाळीसच्या आसपास. नवरा नाही. कारखान्याजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहायची. मुलगी शिरूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रोज तिथून जाऊन येऊन करायची. काम गेलं असतं तर खोली सोडून गावाला दिराच्या घरी जावं लागलं असतं आणि तिथून शिरूरचं कॉलेज झालं नसतं. हे मला तिने सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या बाईने सांगितलं. मंगलने एवढंच विचारलं, "काका, तुम्हीच बांधला ना पट्टा? मंग तुम्हीच सांगा, मी कवा बसली?"

मी साहेबांकडे एक पाळी मागून घेतली. सही करायची तर बघून करीन, म्हटलं. पहिल्या पाळीला टेप, वही आणि पेन घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. धुण्याच्या लाईनपासून स्टोअरचा दरवाजा चौसष्ट मीटर. भरलेली ट्रॉली काट्यावर चढवली, एकशे दहा किलो. पाळीत तिने ब्याण्णव खेपा केल्या, बाकीच्या तिघींपेक्षा जास्त. जाऊन येऊन अकरा हजार सातशे शहात्तर मीटर, म्हणजे पावणेबारा किलोमीटर. ढकलण्यात तीन तास गेले. ती खरोखर बसली फक्त जेवायला आणि चहाला, मिळून पस्तीस मिनिटं.

तीन तास आणि पस्तीस मिनिटं. बेरीज करून मी पेन खाली ठेवलं. यंत्राने तिचं एकशे दहा किलोचं प्रत्येक ढकलणं 'बसणे' म्हणून धरलं होतं. कारण ट्रॉली ढकलताना दोन्ही हात दांड्यावर घट्ट असतात. मनगट हलत नाही. टेबलावर हात ठेवून बसलेल्या माणसाचं मनगट आणि मंगलचं मनगट, यंत्राला दोन्ही सारखीच. जी जास्त ढकलेल ती जास्त बसलेली निघणार. जी दर खेपेला थांबून हातवारे करत गप्पा मारेल ती कामसू ठरणार. चौघींत मंगलच खाली आली, कारण मंगलच सगळ्यात जास्त राबत होती.

तिथूनच पुण्याला केतकी मॅडमना फोन लावला. यंत्र शिकवणाऱ्या त्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, मला काका म्हणायच्या. मी विचारलं, "माझ्या 'इतर' मिनिटांचं काय केलंत?"

"ती आपण शिकवणीत घेत नाही, काका. ती वगळतो."

"सगळी?"

"हो, सगळी. का?"

मी फोन ठेवला आणि पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून जुन्या वह्या काढल्या. पाऊण तास तिथेच उभ्याने बेरीज केली. 'इतर'ची चार हजार तीनशे शहाऐंशी मिनिटं. एकूण मिनिटांतलं दर सहावं, जरा जास्तच. त्यांतली अकराशे सत्तेचाळीस ओझं घेऊन चालण्याची किंवा ढकलगाडी ढकलण्याची. यंत्राने ओझं घेतलेलं माणूस आयुष्यात एकदाही बघितलं नव्हतं, कारण दाखवायला बसवलेल्या माणसाने ते बाजूला काढून ठेवलं होतं. तो माणूस मी. सुनंदाने लसूण सोलता सोलता जे सांगितलं होतं, ते मला पार्किंगमध्ये कळलं.

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. केतकी मॅडमही लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"करा सही, काका."

"नाही करत."

"का?"

"चूक आहे."

"कुठली? यंत्र चूक आहे का?"

"यंत्राला जेवढं शिकवलं तेवढं ते बोलतंय. शिकवणारा चुकला. चूक माझी आहे. म्हणजे अर्धी माझी आणि अर्धी त्या सात बटणांची." मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मॅडम वही चाळत होत्या, त्यांचा चेहरा उतरला.

साहेब म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण महिनाभराचा डेटा आहे आमच्याकडे. तुम्ही एक दिवस बघितलंत. आणि तुमच्या एका सहीने असा काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर मागता कशाला?"

"तुम्हाला काम नकोय का पुढे?"

"हवंय. घर चालवायचं आहे मला. पण ह्या कागदावर सही करून नको."

मग मी म्हटलं, "साहेब, महिना नको, एक दिवसही नको. वीस मिनिटं द्या. पट्टा तुम्ही बांधा आणि ट्रॉली तुम्ही ढकला. यंत्र तुम्हाला चालताना बघेल, तर मी इथे, तुमच्यासमोर सही करतो."

साहेब रोज सकाळी पाच किलोमीटर पळणारे. त्यांना ती गंमत वाटली. कोट खुर्चीला लावला, बाह्या दुमडल्या. मी डाव्या मनगटाला पट्टा बांधला. दुसरा पट्टा मंगलला बांधला, स्टोअरच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि हातात खोक्याचा पुठ्ठा दिला.

"ह्याचं काय करू?"

"डाव्या हाताने वारा घ्या. उठायचं नाही."

"कामाच्या टायमाला?" तिने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली.

पहिल्या दोन खेपा साहेब तालात गेले. तिसऱ्या खेपेला ट्रॉलीचं पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं. ते कसं काढायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मंगल बसल्या जागेवरून म्हणाली, "दांडा खाली दाबा, सायेब. आन् मंग ढकला. हिसका न्हाई द्यायचा, कंबर धरंल." त्यांनी दाबला, चाक निघालं. पाचव्या खेपेला शर्ट पाठीला चिकटला. धुण्याच्या लाईनीवरच्या बायका काम करत होत्या, पण माना सगळ्यांच्या इकडे होत्या. वीस मिनिटांत साहेबांच्या सहा खेपा झाल्या. मंगलच्या वेगाने आठ व्हायला हव्या होत्या, पण ते मी बोललो नाही.

मॅडमनी दोन्ही पट्टे लॅपटॉपला जोडले. साहेब टेबलाला टेकून धापा टाकत होते.

"वाचा," ते म्हणाले.

मॅडमनी आधी मंगलचा वाचला. चालणे चौदा मिनिटं, उभे राहणे सहा.

"आणि माझा?"

"बसणे सतरा मिनिटं, सर. उभे राहणे तीन."

कोणी हसलं नाही. साहेबांसमोर हसायची तिथे पद्धत नाही. मंगल स्टुलावरून उठली, स्टूल उचलून साहेबांजवळ ठेवलं आणि म्हणाली, "आता खरंखुरं बसा, सायेब. घाम लई आलाय." आणि हातातला पुठ्ठा त्यांना दिला.

साहेब बसले. पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाले, "हा रिपोर्ट थांबवा." कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला नाही, सिनेमासारखं काही झालं नाही. फायलीत ठेवला आणि फाईल बंद केली. मंगल अजून तिथेच आहे. चारही जणी आहेत. मुलीचं शेवटचं वर्ष चालू आहे. चारातली एक कमी करायचा विषय पुन्हा निघणार नाही असं मी म्हणत नाही. निघाला तर पट्ट्याच्या जोरावर निघणार नाही, एवढं मी करून ठेवलं.

महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं. पुढचा करार होणार नाही, प्रकल्पाचं सर्व साहित्य परत करावं. पट्टे, टॅब, चार्जर मोजून परत केले आणि पोच घेतली. वह्या दिल्या नाहीत. वह्या मी माझ्या घेतल्या होत्या, पेन माझं होतं आणि चूकही माझीच होती.

केतकी मॅडमनी नंतर स्वतः फोन केला. नवीन बटण वाढवलंय, 'ओझ्यासह चालणे'. मिनिटं हवी आहेत. मी म्हटलं, आहेत, अकराशे सत्तेचाळीस. आता रोज संध्याकाळी सुनंदा जुन्या वहीतली वेळ वाचते आणि मी नव्या तक्त्यात भरतो. ती अधूनमधून विचारते, "ही चालतीया का?" मी म्हणतो, "चालते." ती म्हणते, "बघा हं, हात मोकळे न्हाईत तिचे." ऐकून घेतो.

राहिला पहिला कागद. पाटसकडच्या त्या गावाचा निकाल चुकीचा आहे, असं मी संस्थेला तीनदा लिहिलं. उत्तर नाही. तो कागद कुठल्या तरी फायलीत आहे, त्यावर त्या गावच्या बायका सात तास बसलेल्या आहेत आणि खाली माझी सही आहे. गेल्या महिन्यात मी त्या गावाला जाऊन आलो. कळशी उचलून निघून गेलेल्या बाईला भेटलो आणि वहीतलं तिचं पान दाखवलं. तीन दिवसांत एकशे अठ्ठ्याण्णव मिनिटं डोक्यावर ओझं. तिने पान नीट बघितलं आणि म्हणाली, "हे मला ठावं व्हतं. तुम्ही त्यांला का न्हाई सांगितलं?"

'त्यांला' म्हणजे व्हरांड्यात हसलेल्यांना. त्यांतले बरेच जण दिवाळीला हा अंक वाचतील, आप्पा तर नक्कीच. म्हणून इथे छापून सांगतो. त्या कागदावरची सही माझी आहे आणि ती मी मागे घेत आहे. तुमच्या बायका बसलेल्या नव्हत्या.